नाशिकच्या गच्चीवरून क्ष-किरण जोडतारे: निरीक्षण आणि आकडेमोड

तारकायुग्मातला एक तारा कृष्णविवर किंवा न्यूट्रॉन तारा असेल, तर जोडीदाराचं द्रव्य त्याच्याकडे ओढलं जातं आणि पडता पडता कोट्यवधी अंशांपर्यंत तापतं. त्यातून क्ष-किरण निघतात, काही जोड्यांमधून गॅमा किरणही. हे किरण नाशिकला पोचत नाहीत. पृथ्वीचं वातावरण ते वरच्या वर शोषून घेतं, म्हणूनच १९६२ साली वृश्चिकेतला पहिला क्ष-किरण स्रोत रॉकेट वर पाठवल्यावर सापडला. त्यामुळे गच्चीवर गायगर काउंटर लावून काही हाती लागणार नाही, त्यात पैसे घालू नका.

आपल्या हातात दोन गोष्टी आहेत. उपग्रहांनी मोजलेले क्ष-किरणांचे रोजचे आकडे फुकट मिळतात. त्याच जोडीचा दृश्य प्रकाश आपण दुर्बिणीतून मोजू शकतो. दोन्ही आकडे एकाच कालरेषेवर नीट बसवणं हे खरं काम आहे, आणि बहुतेकांचं गणित तिथेच चुकतं. म्हणून सुरुवात वेळेपासून करू.

वेळ

उपग्रहांच्या फायलींमध्ये तारीख एमजेडी या सलग दिवसमोजणीत असते. ही मोजणी जागतिक वेळेनुसार मध्यरात्री, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला पुढे सरकते. ज्युलियन दिवस म्हणजे जेडी मात्र संध्याकाळी साडेपाचला बदलतो. दोन्हींत २४०००००.५ चा फरक. नाशिकची अख्खी रात्र एकाच जेडीत बसते, पण पहाटे ५.२० आणि ५.४० ची निरीक्षणं दोन वेगळ्या एमजेडीत जातात. हे लक्षात राहिलं नाही तर आलेखात एक दिवसाची उडी दिसते आणि माणूस ती ताऱ्यात शोधत बसतो.

उदाहरण घ्या. १५ ऑक्टोबर २०२५, रात्री ७.३०. साडेपाच तास वजा केले की जागतिक वेळ १४.००, आणि एमजेडी ६०९६३.५८३. नोंद नेहमी एक्स्पोजरच्या मध्यक्षणाची करा, सुरुवातीची नको. डीएसएलआरचं घड्याळ मागेपुढे होत राहतं, त्यामुळे रोज संध्याकाळी ते मोबाइलच्या वेळेशी जुळवा. लॅपटॉपवरून कॅमेरा चालवत असाल तर लॅपटॉपची वेळ इंटरनेटवरून जुळवून मगच गच्चीवर जा.

कोणता तारा घ्यायचा

तीनच सुचवतो. तिघांकडून शिकायला मिळतं ते वेगवेगळं आहे.

सिग्नस एक्स-१, हंस राशीत. कृष्णविवराचं वस्तुमान सुमारे २१ सूर्य, अंतर सुमारे ७,२०० प्रकाशवर्षं. आपल्याला दिसतो तो जोडीदार, एचडीई २२६८६८ हा निळा महाराक्षसी तारा, प्रत (तेजाचा आकडा, जितका मोठा तितका तारा मंद) ८.९. कक्षाकाळ ५.६ दिवस.

हर्क्युलिस एक्स-१, शौरी राशीत. १.२४ सेकंदांनी फिरणारा न्यूट्रॉन तारा आणि त्याचा जोडीदार एचझेड हर्क्युलिस. कक्षाकाळ १.७ दिवस. प्रत साधारण १३ ते १५ च्या दरम्यान हलते.

ए०५३५+२६, वृषभात. १०३ सेकंदांनी फिरणारा न्यूट्रॉन तारा, आणि स्वतःभोवती वायूची तबकडी बाळगणारा बी-ई प्रकारचा तारा. प्रत ९ च्या आसपास, कक्षाकाळ सुमारे १११ दिवस.

नाशिकचं अक्षवृत्त २० अंश उत्तर. त्यामुळे सिग्नस एक्स-१ मध्यमंडलावर, म्हणजे माथ्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर, ७५ अंश उंच येतो, हर्क्युलिस एक्स-१ ही जवळजवळ तेवढाच, आणि ए०५३५+२६ तर डोक्यावरच. युरोपातल्या निरीक्षकांना ही उंची मिळत नाही. तिचा पुरेपूर उपयोग करा आणि ३५ अंशांखाली मोजमाप घेऊच नका.

ऋतूही ठरलेले आहेत. सिग्नस एक्स-१ ऑक्टोबरच्या मध्याला संध्याकाळी सातलाच माथ्यावर असतो, नोव्हेंबरअखेर त्याच वेळी पश्चिमेकडे ४८ अंशांवर. ए०५३५+२६ साठी डिसेंबर ते फेब्रुवारी. हर्क्युलिस एक्स-१ साठी एप्रिल-मे, मे महिन्यात तो रात्री दोनच्या सुमारास माथ्यावर येतो. जून ते सप्टेंबर आकाश पावसाचं, तेव्हा आकडेमोड करायची.

जागा

प्रत ९ चे तारे गंगापूर रोडच्या गच्चीवरूनही मोजता येतात. व्ही फिल्टर (हिरवट-पिवळा प्रकाश सोडणारा) लावा, आणि रस्त्यावरचा एलईडी दिवा थेट नळीत येत असेल तर नळीच्या तोंडाला काळ्या कार्डशीटचं लांब नळकांडं बसवा. एचझेड हर्क्युलिससाठी मात्र बाहेर पडावं लागेल.

दिशा बघून जागा निवडा. गंगापूर धरण, अंजनेरी, त्र्यंबकेश्वर शहराच्या पश्चिमेला आहेत, म्हणजे तिथून शहराचा उजेड पूर्वेला आणि पश्चिमेचं आकाश काळं. मावळतीकडे झुकणाऱ्या सिग्नस एक्स-१ ला हे अगदी सोयीचं. एचझेड हर्क्युलिस मात्र ईशान्येकडून उगवतो, त्यासाठी दिंडोरी-वणीकडे जा, तिथून शहराचा उजेड दक्षिणेला राहतो. धरणाच्या काठावर दव फार पडतं. पाण्यापासून दूर, थोड्या उंचवट्यावर बसा आणि भिंगाला दवपट्टी लावा. हिवाळ्यात निफाडकडे पारा फार उतरतो, द्राक्षबागा वाचवण्यासाठी शेतकरी पहाटे शेकोट्या पेटवतात आणि धूर जमिनीलगत साठून राहतो. तिकडे जायचंच असेल तर काम मध्यरात्रीपूर्वी उरका.

दिवाळीच्या चार-पाच रात्री फटाक्यांचा धूर असतो. धूर सगळीकडे सारखा पसरला असेल तर तुलनात्मक मोजमाप चालतं. ढगासारखा तुकड्यातुकड्यांनी सरकत असेल तर ती रात्र सोडा.

साहित्य

सिग्नस एक्स-१ आणि ए०५३५+२६ साठी ८० मिमीची भिंगाची दुर्बीण पुरते. एचझेड हर्क्युलिसला १५० मिमी किमान, २०० मिमी असेल तर उत्तम. कॅमेरा कृष्णधवल सीएमओएस आणि त्याला व्ही फिल्टर. डीएसएलआर असेल तर रॉ फाइल घ्या आणि फक्त हिरवा चॅनेल वापरा. जेपीईजी अजिबात नको, त्यात कॅमेऱ्याने तेज आधीच वाकवलेलं असतं. ताऱ्यामागे फिरणारं माउंट हवंच. १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्यापेक्षा जास्त उतरवली तर लवकर मरते, म्हणजे माउंट आणि दवपट्टी मिळून २ अँपिअर ओढत असतील तर ती पावणेदोन तासच धरा. पूर्ण रात्रीसाठी लिथियम-फॉस्फेटची २० अँपिअर-तासाची घ्या.

सिग्नस एक्स-१ ची एक रात्र

ईटा सिग्नी हा प्रत ३.९ चा तारा हंसाच्या मानेत शोधा. त्याच्या पूर्वेला, किंचित उत्तरेकडे, अर्ध्या अंशाहून थोडं कमी अंतरावर एचडीई २२६८६८ आहे. जवळचा ठळक तारा शोधायला सोपा, पण मोजताना त्रासाचा. तो चौकटीत राहिला तर पूर्ण जळतो आणि त्याची प्रभा आपल्या ताऱ्याच्या पार्श्वभूमीत मिसळते. कॅमेरा इतका सरकवा की ईटा चौकटीबाहेर जाईल.

तुलनेचे तारे एएव्हीएसओच्या, म्हणजे बदलत्या ताऱ्यांच्या अमेरिकी निरीक्षक संघाच्या नकाशातून घ्या. संघाच्या संकेतस्थळावर ताऱ्याचं नाव दिलं की नकाशा आणि प्रती मिळतात. एचडीई २२६८६८ मूळचा निळा, पण वाटेतल्या धुळीमुळे आपल्याला लालसर दिसतो. तुलनेचा तारा जवळपास त्याच रंगाचा निवडा, नाहीतर तो खाली उतरताना हवेतलं शोषण दोघांना वेगवेगळं लागतं आणि बदल नसताना बदल दिसतो. एक तुलनेचा आणि एक पडताळणीचा, असे दोन तारे महिनाभर तेच ठेवा.

३० सेकंदांच्या २० चौकटी घ्या. फोकस किंचित अस्पष्ट ठेवा, म्हणजे प्रकाश जास्त पिक्सेलांवर पसरतो. १६ बिटच्या मोजपट्टीवर ताऱ्याचं शिखर ३० ते ४५ हजारांत असावं. ५५ हजारांच्या वर गेलं तर एक्स्पोजर कमी करा. प्रत्येक रात्री २० फ्लॅट (एकसारख्या उजेडाच्या चौकटी) आणि त्याच तापमानाचे २० डार्क (झाकण लावून घेतलेल्या चौकटी). थंड न करता चालणाऱ्या कॅमेऱ्याचा उष्णतेचा गोंगाट साधारण दर ६ अंशांना दुप्पट होतो. एप्रिलच्या रात्री डिसेंबरचे डार्क वापरले तर चित्र बिघडलंच म्हणून समजा.

मोजमापासाठी अ‍ॅस्ट्रोइमेजजे किंवा सिरिल, दोन्ही फुकट आहेत. ताऱ्याचा प्रकाश मोजण्यासाठी त्याच्याभोवती काढायच्या वर्तुळाची त्रिज्या ताऱ्याच्या अर्धउंचीच्या रुंदीच्या (एफडब्ल्यूएचएम) दीडपट ते दुप्पट ठेवा. शेजारी थोडा मंद तारा आहे, तो वर्तुळात येत नाही ना आणि पार्श्वभूमीच्या कड्यात बसत नाही ना, हे चित्र मोठं करून डोळ्यांनी बघा. वीसही चौकटींची सरासरी म्हणजे त्या रात्रीचा एक बिंदू.

इतकी काळजी कशासाठी? कृष्णविवराच्या ओढीने हा तारा अंड्यासारखा ताणला गेला आहे. फिरताना कधी त्याची रुंद बाजू समोर येते, कधी टोक, आणि एका फेरीत तेज दोनदा वाढतं, दोनदा घटतं. हा चढउतार जेमतेम ०.०५ प्रतीचा आहे. तुमची चूक ०.०१ च्या आत नसेल तर तो दिसणारच नाही. पडताळणीचा तारा रोज किती हलतो हीच तुमच्या चुकीची खरी मोजपट्टी. तो ०.०३ हलत असेल तर आधी फ्लॅट सुधारा.

एक हमखास फसवणारी गोष्ट. जर्मन पद्धतीच्या माउंटवर तारा मध्यमंडल ओलांडताना दुर्बीण उलटते, चित्र १८० अंश फिरतं, आणि फ्लॅट थोडा जरी कच्चा असला तरी ०.०२ ची पायरी पडते. ऑक्टोबरच्या मध्याला ही वेळ नेमकी संध्याकाळी सातची. त्यामुळे पहिल्या दिवसापासून दुर्बीण उलटल्यानंतरच, तारा पश्चिमेकडे असतानाच मोजा.

आता या जोडीची एक छान सोय. ५.६ चे पाच वेढे म्हणजे बरोबर २८ दिवस. रोज एकाच वेळी मोजलं तर कला, म्हणजे कक्षेतलं ० ते १ मध्ये मोजलेलं स्थान, रोज ०.१७९ ने सरकते आणि २८ रात्रींत २८ वेगवेगळ्या कला मिळतात, समान अंतरावर. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात सुरुवात केली तर नोव्हेंबरमध्ये पूर्ण वक्र हातात.

कला काढायची रीत अशी: एमजेडीमधून ४१८७४.२०७ वजा करा, ५.५९९८२९ ने भागा, पूर्णांक सोडून दशांश ठेवा. स्प्रेडशीटमध्ये मॉड फंक्शनला १ ने भागायला सांगितलं की झालं. वरच्या १५ ऑक्टोबरच्या उदाहरणात उत्तर ०.९२ येतं. शून्य कला म्हणजे तारा पुढे आणि कृष्णविवर त्याच्या मागे.

उपग्रहाचे आकडे

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरचं जपानी मॅक्सी यंत्र २००९ पासून दर ९२ मिनिटांच्या फेरीत जवळजवळ सगळं आकाश चाळतं. रिकेन संस्थेच्या संकेतस्थळावर प्रत्येक स्रोताची फाइल आहे: एक दिवसाच्या सरासरीची आणि एक प्रत्येक फेरीची. पहिला स्तंभ एमजेडी, मग २ ते २० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा (हे किरणांच्या ऊर्जेचं एकक) प्रवाह आणि त्याची चूक, मग २-४, ४-१० आणि १०-२० या पट्ट्या, प्रत्येकीची चूक शेजारी. त्याहून कठीण, म्हणजे जास्त ऊर्जेच्या, किरणांसाठी स्विफ्ट उपग्रहाच्या बॅट यंत्राचा २००५ पासूनचा १५ ते ५० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा साठा आहे.

क्रॅब नेब्युलाची फाइलही त्याच वेळी उतरवा. हा तेजोमेघ वृषभात आहे, नावावरून कर्क राशीत शोधू नका. त्याचे क्ष-किरण बऱ्यापैकी स्थिर असल्यामुळे आपल्या स्रोताचा प्रवाह क्रॅबच्या सरासरीने भागला की ‘किती क्रॅब’ असं एकक मिळतं, आणि दोन यंत्रांचे आकडे शेजारी ठेवता येतात. एखाद्या दिवशी क्रॅबही खाली पडलेला दिसला तर दोष यंत्राचा.

साफसफाई करताना चुकीच्या मध्यकाच्या तिपटीहून जास्त चूक असलेले बिंदू काढा. ऋण आकडे मात्र काढू नका. पार्श्वभूमी वजा केल्यावर मंद स्रोताला ऋण आकडा येणं स्वाभाविक आहे, ते खोडले तर सरासरी खोटी वर सरकते.

मग १०-२० ला २-४ ने भागून कठीणपणाचं गुणोत्तर काढा. सिग्नस एक्स-१ मध्ये हे गुणोत्तर जास्त असताना कृष्णविवराभोवतीची तप्त विरळ प्रभा जोरात असते, ते कोसळतं तेव्हा विवराभोवती फिरणाऱ्या वायूच्या तबकडीचे मऊ, म्हणजे कमी ऊर्जेचे, किरण वरचढ होतात. कठीण अवस्थेतले दिवस निवडून फेरीवार फाइल कलेनुसार घडी घाला, म्हणजे सगळ्या कक्षांचे बिंदू कलेप्रमाणे एकाच आलेखात एकावर एक ठेवा. शून्य कलेजवळ २-४ पट्टी खाली बसते, १०-२० फारशी हलत नाही. कारण तेव्हा किरण ताऱ्याच्या दाट वाऱ्यातून येतात आणि मऊ किरण त्यातच अडकतात. यासाठी दिवसाच्या सरासरीची फाइल नको, एक दिवस म्हणजे ०.१८ कला, त्यात खळगा पुसला जातो.

एक अपेक्षा आधीच सोडा: सिग्नस एक्स-१ चे क्ष-किरण दुप्पट झाले म्हणून दृश्य तेज वाढेल असं नाही. दृश्य प्रकाश जवळजवळ सगळा त्या महाराक्षसी ताऱ्याचाच आहे.

जिथे क्ष-किरण डोळ्यांना दिसतात

ते पाहायचं असेल तर एचझेड हर्क्युलिस. इथला तारा लहान, आणि न्यूट्रॉन ताऱ्याचे क्ष-किरण त्याची समोरची बाजू अक्षरशः भाजून काढतात. तापलेली बाजू आपल्याकडे असताना तारा उजळ, ०.८५ दिवसांनी थंड पाठ समोर आली की मंद. फरक दीड प्रतीच्या घरात, म्हणजे ०.०५ ची चूकही चालते. क्ष-किरण पृथ्वीवर पोचत नसतानाही त्यांनी दुसऱ्या ताऱ्यावर केलेलं काम तुमच्या चौकटीत उतरतं. २०० मिमीच्या दुर्बिणीतून ६० सेकंदांच्या १० चौकटी पुरतात. दहा कक्षा म्हणजे १७ दिवस, म्हणून १७ रात्री एकाच वेळी मोजा. कलेसाठी आरंभ ४६३५९.८७१९ आणि काळ १.७००१६७६. शून्य कला म्हणजे न्यूट्रॉन ताऱ्याचं ग्रहण, आणि तेव्हाच दृश्य तेजही तळाला असतं.

मॅक्सीमध्ये मात्र हा स्रोत अनेक दिवस गायब दिसेल. घाबरू नका, फाइल ठीक आहे. न्यूट्रॉन ताऱ्याभोवतीची वायूची वाकडी तबकडी सुमारे ३५ दिवसांत एक डोल पूर्ण करते आणि मधले बरेच दिवस न्यूट्रॉन तारा आपल्यापासून झाकते. मोठा उघडा काळ दहा-अकरा दिवसांचा. गंमत अशी की झाकलेल्या दिवसांतही दृश्य तेजाचा चढउतार चालूच राहतो, कारण तबकडी आपली वाट अडवते, जोडीदार ताऱ्याची नाही. हे दोन आलेख एकाखाली एक लावले की जोडीची रचना कागदावर उभी राहते.

वृषभातला तारा आणि त्याची तबकडी

ए०५३५+२६ अग्नी (बीटा टॉरी) ताऱ्यापासून साडेतीन अंशांवर आहे. तो एका रात्रीत काही सांगत नाही, आठवड्याला दोन बिंदू असे दोन-तीन हिवाळे द्यावे लागतात. ताऱ्याभोवतालची तबकडी फुगते तेव्हा तिच्यातून न्यूट्रॉन तारा जाताना क्ष-किरणांचा भडका उडू शकतो. नोव्हेंबर २०२० मध्ये तो क्रॅबच्या कितीतरी पट तेजस्वी झाला होता. तबकडीची खूण म्हणजे हायड्रोजनची ६५६.३ नॅनोमीटरची उजळ रेषा. मिमीला १०० रेषांची जाळी कॅमेऱ्यापुढे बसवून ती टिपता येते. आधी सराव गॅमा कॅसिओपिया आणि झीटा टॉरीवर करा, दोन्ही ठळक. न्यूट्रॉन ताऱ्याच्या स्पंदांची वारंवारता फर्मी उपग्रहाच्या जीबीएम गटाच्या पानांवर मिळते. भडक्याच्या काळात न्यूट्रॉन तारा वेगाने फिरू लागतो, ते तिथे दिसतं.

पुढची पायरी

पावसाळ्यात ॲस्ट्रोसॅटचा साठा उघडा. २८ सप्टेंबर २०१५ ला सुटलेल्या या भारतीय उपग्रहाची खुली निरीक्षणं इस्रोच्या विदाकेंद्रातून मिळतात. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत त्याचा मदतकक्ष आहे. लिनक्स आणि नासाची हीसॉफ्ट ही आज्ञावली लागेल. सुरुवात मऊ क्ष-किरण दुर्बिणीच्या, म्हणजे एसएक्सटीच्या दुसऱ्या पातळीच्या फायलींनी करा. तिची चौकट २.३७७५ सेकंदांची, त्यामुळे १०३ सेकंदांचे स्पंद सहज दिसतील, पण हर्क्युलिसचे १.२४ सेकंदांचे नाहीत, त्यासाठी ॲस्ट्रोसॅटच्याच लॅक्सपीसी यंत्राचे आकडे हवेत. स्पंद शोधताना वेळ सूर्यमालेच्या गुरुत्वमध्यावर नेणं आवश्यक आहे. पृथ्वीच्या फेरीमुळे प्रकाश आठ मिनिटांपर्यंत मागेपुढे पोचतो. दर फेरीत पृथ्वी आड येते म्हणून आलेखात खिंडारं पडतात. ती सरळ रेषेने भरू नका, नाहीतर फेरीचाच काळ ताऱ्याचा काळ म्हणून समोर येईल.

गॅमा किरणांकडे उडी मारण्याची घाई नको. त्यासाठी सोपा दरवाजा नवताऱ्यांचा, म्हणजे अचानक उफाळणाऱ्या ताऱ्यांचा, आहे. भुजंगधारीतला आरएस ऑफियुची ८ ऑगस्ट २०२१ ला उफाळला तेव्हा फर्मीने आणि जमिनीवरच्या हेस दुर्बिणींनी त्याचे गॅमा किरण टिपले. तसाच उत्तर मुकुटातला टी कोरोने बोरेआलिस, १८६६ आणि १९४६ ला उफाळलेला, शांत असताना प्रत १० चा. एप्सिलॉन कोरोनेपासून तो एका अंशावर आहे. दुर्बीण काढाल त्या प्रत्येक रात्री त्याची एक चौकट घ्या.

आणि मोजलेलं स्वतःजवळ ठेवू नका, निरीक्षक संकेतांक घेऊन ते एएव्हीएसओ संघाच्या साठ्यात भरा. मार्च २०१८ मध्ये मॅक्सी जे१८२०+०७० हे कृष्णविवर क्ष-किरणांत सापडण्याच्या काही दिवस आधीच दृश्य प्रकाशात उजळलेलं नोंदवलं गेलं होतं.